दुपारची कडी

"बाबा, याचे कान कुठे गेले?"

मैत्रेयी एका लाकडी बैलासमोर उकिडवी बसली होती. बैल पांढरा, शिंगं लाल, पायांखाली चाकांची फळी. कानांच्या जागी दोन भोकं होती. तिनं त्यातल्या एका भोकात बोट घालून पाहिलं.

"कान मागून बसवतो ना बाई," दुकानातला म्हातारा कारागीर म्हणाला. "रंग वाळला की."

"मग तोवर त्याला ऐकू नाही येत?"

"येते थोडं थोडं. तू मोठ्यानं बोल."

तिनं खरंच भोकाजवळ तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "त्याला सांगितलं, आमच्या घरी चाल म्हणून."

नागपूरची चितार ओळ पोळ्याच्या आठवड्यात बैलांनी भरून जाते. तळहाताएवढ्या बैलापासून माणसाच्या छातीला लागेल अशा बैलापर्यंत सगळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडलेले असतात. पोळा शेतकऱ्याच्या खऱ्या बैलांचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, तो पोरांचा. पोरं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत मैदानात आणतात आणि मग घरोघर फिरतात. लोक त्यांच्या हातावर काहीतरी ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. मैत्रेयी त्या वर्षी सहा वर्षांची होती आणि तिचा स्वतःचा बैल घ्यायचा तो पहिलाच पोळा होता.

पोळा मंगळवारी होता. आम्ही गेलो तो त्याआधीचा रविवार. तो रविवार मला कोर्टानं दिलेला होता.

ज्योत्स्ना, माझी बायको, वर्षभरापूर्वी पोरीला घेऊन घरातून निघून गेली होती. ती एका खासगी दवाखान्यात नर्स होती. माझं आणि माझ्या आईचं म्हणणं होतं की तिनं नोकरी सोडावी. तिनं नोकरी सोडली नाही, घर सोडलं. नंदनवन वस्तीत दोन खोल्या घेऊन ती राहायला लागली. रात्रीची ड्यूटी असली की तिची आई सोबतीला यायची. घटस्फोटाला दोघंही तयार होतो, भांडण होतं ते मुलीचं. निकाल लागेपर्यंत दर दुसऱ्या रविवारी अकरा ते पाच मी मैत्रेयीला नेऊ शकत होतो.

मला पोर हवी होती का? आज विचारलं तर सांगता येत नाही. ज्योत्स्ना हरायला हवी होती, एवढं मात्र नक्की आठवतं.

मी तेव्हा एका बियाणांच्या कंपनीत विक्री अधिकारी होतो. माझं अर्धं आयुष्य लोकांच्या तोंडून 'हो' काढण्यात गेलं. शेतकऱ्याला थेट 'घेता का' विचारलं की तो 'नाही' म्हणतो. म्हणून आधी विचारायचं, मागच्या वर्षी बोंडं गळाली ना? तो म्हणतो, हो. फवारणीला खर्च फार आला ना? हो. शेजाऱ्याचं पीक बरं आलं ना? हो. असे चार होकार झाले की पाचवा त्याच्या तोंडून आपोआप येतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अंगातच होतं.

मैत्रेयी त्या कान नसलेल्या बैलासमोरून उठली आणि पुढे गेली. दुकानाच्या आतल्या बाजूला एक मोठा बैल होता, तिच्या कमरेएवढा. पाठीवर रंगीत झूल कोरलेली, गळ्यात पितळी घुंगरं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, मग वळून माझ्याकडे पाहिलं, मग परत लहान बैलाकडे आली.

"हाच घेऊ," ती म्हणाली. "तो मोठा महाग असते ना?"

"तुला तो मोठा आवडला?"

"नाही." आणि मग, "पण बाबा, त्याला घुंगरं आहेत."

तिला अशी सवय होती. काहीही सांगून झालं की क्षणभर थांबायची, मग 'पण बाबा', 'पण आई' म्हणून उरलेलं सांगायची. खरी गोष्ट नेहमी त्या 'पण'नंतर असायची.

"बघू," मी म्हणालो. "आधी काहीतरी खाऊ."

कोपऱ्यावर गरम सांबारवडी मिळत होती. दोन प्लेट घेतल्या आणि एका बंद दुकानाच्या ओट्यावर आम्ही बसलो. ती वडीचं वरचं तळलेलं पारीचं आवरण आधी काढून खायची आणि आतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, शेवटी. पाय हलवत होती. मी शर्टाच्या खिशातला फोन काढला, वेळ पाहिली, एक-दोन बटणं दाबली आणि फोन परत खिशात ठेवला.

"मैतू, आईला आता रात्रीची ड्यूटी असते ना?"

"हो."

"मग ती दिवसा झोपते ना?"

"हो. पडदे लावून."

"आणि आजी सकाळीच तिच्या घरी जाते ना?"

"हो. मला शाळेत सोडून."

"मग शाळेतून आल्यावर तू एकटीच असतेस ना?"

तिनं विचार केला. "आई असते ना."

"पण ती झोपलेली असते ना?"

"हो."

"म्हणजे तुझ्याशी बोलायला कुणी नसतं ना?"

"नसतं," ती म्हणाली. मला वाटतं, तिला ते त्याच क्षणी पहिल्यांदा जाणवलं असावं.

"भूक लागली तर?"

"आई डबा भरून ठेवते. चिवडा, केळं, सगळं."

हे मला नको होतं. मी दुसरीकडून गेलो.

"दुपारी तुला खेळायला बाहेर जाता येत नाही ना?"

"नाही."

"काहून? आई कडी लावते ना?"

तिनं वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या ओठाला सांबाराचं एक हिरवं पान चिकटलं होतं. मी ते काढलं.

"तो घुंगरांचा बैल घ्यायचा ना आपल्याला?" मी म्हणालो. "मग खरं खरं सांग."

"हो," ती म्हणाली. "कडी लावते."

"वरची? तुझा हात पोचत नाही ती?"

"हो."

"मग तू रडतेस ना?"

"एकदा रडली होती."

मी खिशात बोट घातलं.

"पण बाबा," ती म्हणाली, "आईपण आतच असते. ती कडी लावते आणि मला पोटाशी घेऊन झोपते. म्हणते, मैतू, मला फक्त तासभर झोपू दे, मग आपण दोघी बागेत जाऊ. मागे मी एकटीच रस्त्यावर गेली होती ना, तर मोटारसायकलवाला आला होता जोरात. म्हणून लावते. आणि रडली होती ते माझा कान दुखत होता म्हणून. मग आईनं उठून औषध घातलं."

"बरं," मी म्हणालो. "हात पूस. चल, बैल घेऊ."

मोठा बैल घेतला. म्हाताऱ्यानं दोरी बांधून दिली. मैत्रेयी मागे वळून वळून बैलाकडे पाहत चालत होती. रस्त्यात लोक बाजूला होत होते आणि तिला म्हणत होते, "अरे वा, मालकीणबाई!" ती इतकी खूश झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मी रिक्षा केली. बैल आमच्या दोघांच्या मध्ये उभा केला आणि तिनं त्याच्या मानेवर हात टाकला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना नंदनवनात पोचलो. ज्योत्स्नानं दार उघडलं. तिचे केस ओले होते, डोळ्यांखाली जागरणाचे डाग होते.

"अगं बाई! केवढा हा! याला ठेवायचं कुठे?" आणि ती हसली. वर्षभरात ती माझ्यासमोर हसली नव्हती.

"पलंगाजवळ," मैत्रेयी म्हणाली. "पण आई, याला रात्री पाणी ठेवायचं."

ती बैल ओढत आत गेली. ज्योत्स्ना दारातच उभी राहिली. मी निघणार तेवढ्यात म्हणाली, "ऐका ना. बुधवारी चार वाजता इथल्या मैदानात तान्हा पोळा आहे. कोर्टाच्या कागदात तो दिवस नाही, पण या तुम्ही. तिला बरं वाटेल."

"बघतो," मी म्हणालो. "दौरा आहे."

दौरा नव्हता. बुधवारी चार वाजता मी काळबांडे वकिलांच्या ऑफिसात बसलो होतो आणि माझा फोन त्यांच्या टेबलावर बोलत होता.

फोनमध्ये आवाज टिपून ठेवायची सोय होती, हे मला महिनाभर आधी काळबांड्यांनीच सांगितलं होतं. "सहज गप्पा मारा पोरीशी," ते म्हणाले होते. "काही निघालं तर निघालं." ओट्यावर बसताना मी जी बटणं दाबली ती त्यासाठी होती. आणि तिनं 'एकदा रडली होती' म्हटल्यावर मी जे बोट खिशात घातलं ते फोन थांबवायला. तिचं 'पण बाबा' येणार हे मला माहीत होतं. म्हणूनच मी घाई केली.

काळबांड्यांनी ते दोनदा ऐकलं.

"यात बैलाचं आमिष आहे थोडं. आणि तो डबा," ते म्हणाले. "पण कडीची गोष्ट फार मोठी आहे. पुढे काय बोलली?"

"पुढे काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग पुरावा म्हणून टिकेल न टिकेल, समुपदेशक बाईंसमोर वाजवू आपण. आई झोपते आणि पोर कोंडलेली. कुणाच्याही काळजाला लागेल."

दिवाळीनंतर ती तारीख आली. कुटुंब न्यायालयातली समुपदेशकांची लहानशी खोली. एका बाजूला मी आणि काळबांडे, दुसऱ्या बाजूला ज्योत्स्ना आणि तिच्या तरुण वकीलबाई. मध्ये समुपदेशक बाई, चष्मा कपाळावर चढवून. काळबांड्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले, कढईचा चर्र आवाज, मग माझा आवाज, मग तिचा. त्या खोलीत तिचा आवाज फारच लहान वाटत होता.

ज्योत्स्ना मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. 'कडी लावते' आलं तेव्हा तिनं मान खाली घातली. 'एकदा रडली होती' आलं आणि आवाज थांबला. ती तशीच फोनकडे पाहत राहिली.

"पुढचं?" ती म्हणाली.

"एवढंच आहे," काळबांडे म्हणाले.

"नाही. ती अशी थांबत नाही." ती समुपदेशक बाईंना सांगत होती. "माझी मुलगी सांगून झालं की थोडी थांबते, मग 'पण' म्हणते. पण आई, पण बाबा. यात पुढे 'पण' आहे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे."

माझ्यासमोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मी त्यातल्या तारखा वाचायला लागलो.

समुपदेशक बाई माझ्याकडे वळल्या. "मुलगी आणखी काही बोलली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा खाली घेतला. "मग असं करावं लागेल, की जज साहेब मुलीलाच चेंबरमध्ये बोलावतील. दोघांनाही बाहेर ठेवून विचारतील."

ज्योत्स्नाच्या वकीलबाई तिच्याकडे झुकून कुजबुजल्या. टेबल लहान होतं, मला ऐकू आलं. "बोलावू द्या. ती सगळं सांगेल. आपलंच होईल."

ज्योत्स्नानं मान हलवून नाही म्हटलं.

"एप्रिलमध्ये तिला इथे आणलं होतं," ती म्हणाली. "नुसतं बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. त्यानंतर चार रात्री तिनं अंथरूण ओलं केलं. झोपेत म्हणायची, मी काही नाही केलं. आता तिला आत नेऊन काय विचारणार? आई वाईट आहे की बाबा खोटे आहेत, हेच ना? सहा वर्षांची आहे हो ती."

"पण मग..." वकीलबाई म्हणाल्या.

"मग राहू द्या तिला यांच्याकडे." तिचा आवाज स्थिर होता. "मी रविवारी येईन. पण तिला परत या इमारतीत आणायचं नाही आणि तिला कुणी काही विचारायचं नाही. एवढं लिहून घ्या."

बाईंनी तिला दोनदा विचारलं, नीट विचार केलात का. ती दोन्ही वेळा हो म्हणाली.

त्या अर्ध्या तासात मला बोलायला पुष्कळ जागा होती. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. एक वाक्य पुरे होतं. काळबांड्यांनी जिन्यात माझ्या पाठीवर थाप मारली, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. त्या रात्री मी दोन घास जास्त जेवलो.

जानेवारीत मैत्रेयी आमच्या घरी आली. ज्योत्स्ना दर दुसऱ्या रविवारी यायची. संध्याकाळी ती जायला निघाली की मैत्रेयी तिचा पदर सोडायची नाही. माझी आई तिला उचलून आत न्यायची आणि तिचं रडणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. दीड वर्ष असं चाललं. मग ज्योत्स्नानं मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरी धरली. जाताना मला फोनवर म्हणाली, "मी येते म्हणून तिला परत परत तुटावं लागते. वर्षातून एकदा येईन." ती वर्षातून वीस दिवस यायची.

मला बढती मिळाली. यवतमाळ, अमरावती, वर्धा, सगळा भाग माझ्याकडे आला. घरी पोर शाळेत जात होती, चांगले मार्क आणत होती. तिचं 'पण' कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. एकदा शाळेत गेलो तेव्हा तिच्या बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो. फक्त उत्तर देण्याआधी आमच्या तोंडाकडे पाहते. आम्हाला काय हवं ते शोधल्यासारखी." मी म्हणालो, लाजाळू आहे.

माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी ज्योत्स्ना मस्कतहून कायमची परत आली आणि मनीषनगरात राहायला लागली. मैत्रेयी आता बावीस वर्षांची आहे. गेल्या जूनमध्ये तिला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या तीन दिवस आधी ती तिच्या खोलीत बॅग भरत होती. मी दाराशी उभा होतो, काहीतरी बोलायचं म्हणून.

"बाबा, एक सांगायचं होतं," ती ड्रेसची घडी करता करता म्हणाली. "लहानपणी मी आईबद्दल खोटं बोलली होती. तुमच्याजवळ. आपण बैल घ्यायला गेलो होतो तेव्हा."

मी चौकटीला टेकून उभा राहिलो.

"मी आठवीत होती तेव्हा एकदा आजी चिडली होती. म्हणाली, तूच सांगितलंस ना कोर्टात वाजवलं त्यात, आई कोंडते म्हणून, मग आता कशाला आई आई करतेस. तेव्हा मला कळलं. मला काय बोलली ते नीट आठवत नाही. एवढंच आठवते की मला मोठा बैल पाहिजे होता आणि तुम्ही विचारलं ते मी हो म्हटलं." तिनं घडी मोडली आणि परत घातली. "इतकी वर्षं मला वाटते की मी एका बैलासाठी आई देऊन टाकली. काल शेवटी आईला सांगितलं. पाया पडली तिच्या."

"मग?"

"ती म्हणाली, तू एक शब्द खोटं बोलली नाहीस. मी विचारलं, मग असं कसं झालं? ती म्हणाली, बाबांना विचार."

सोळा वर्षं ज्योत्स्नानं याबद्दल पोरीजवळ तोंड उघडलं नव्हतं. आणि तेव्हाही तिनं ते माझ्यावरच सोडलं होतं.

मी पलंगाच्या कडेला बसलो आणि सांगितलं. ओटा, सांबारवडी, फोन, एकामागून एक विचारलेले प्रश्न. बोट कधी खिशात घातलं ते. कोर्टातलं कॅलेंडर. तिच्या तोंडाकडे पाहण्याची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी तिच्या हातांकडे पाहत होतो. ते थांबले होते.

"मी पुढे काय म्हणाली होती, ते आठवते तुम्हाला?"

"शब्द न् शब्द."

"मग सांगा."

मी सांगितलं. आईपण आतच असते, पोटाशी घेऊन झोपते, तासभर झोपू दे म्हणते. मोटारसायकल. कानातलं औषध. मला एकदाही अडखळायला झालं नाही, आणि त्याचीच मला लाज वाटली.

ती ऐकून घेत राहिली. मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर म्हणाली, "नको, बाबा." रागानं नाही म्हणाली. मग तिनं तोंड धुतलं, अर्धी भरलेली बॅग बंद केली आणि राहिलेले दिवस आईकडे काढायला निघून गेली. पुण्याला ती तिकडूनच गेली. आता रविवारी फोन करते. बीपीची गोळी घेतली का विचारते. मी घेतली म्हणतो. मग ती फोन ठेवते.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी मनीषनगरला गेलो. ज्योत्स्नानं दार उघडलं. तिचे केस पुढून पांढरे झाले होते. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"या, बसा."

तिनं चहा केला. आम्ही समोरासमोर बसलो. मी सगळं पाठ करून आलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं, "माफी मागायला आलो."

"ते नको," ती म्हणाली. "तुम्ही तिला सांगितलं, माझं तेवढंच होतं."

मी मान हलवली. मी उठायच्या बेतात होतो.

"आलाच आहात तर एक सांगाल?" ती म्हणाली. "चौथीत तिला कावीळ झाली होती. मला फोनवर कळलं, पण सुटी मिळाली नाही. तेव्हा ती काय खायची? तोंडाला चव नसते ना."

"ऊस..." मी म्हणालो. "उसाचा रस देत होते बहुतेक. मी तेव्हा यवतमाळला होतो. मे महिना होता, आमचा सीझन."

"रात्री कुणाजवळ झोपायची?"

"आईजवळ. माझ्या."

"झोपेत काही बोलायची?"

मला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणजे मला माहीतच नव्हतं.

"आणि पाळी आली पहिल्यांदा, तेव्हा घाबरली होती का? मी नंतर विचारलं तर सांगत नाही, हसते."

"ते आईनंच पाहिलं."

"दहावीच्या निकालाच्या दिवशी काय केलं हो तिनं? तुम्ही काय आणलं होतं?"

"मी अमरावतीला होतो. फोन केला होता मी."

ती प्रश्न विचारत गेली. मैत्रीण कोण होती, अंधाराला भ्यायची ते कधी गेलं, सायकल कुणी शिकवली. उलटतपासणी नव्हती ती. बऱ्याच दिवसांची भूक असलेला माणूस जसा 'अजून आहे का' विचारतो, तशी ती विचारत होती. या सगळ्याची उत्तरं ठाऊक असलेलं एकच माणूस आमच्या घरात होतं, आणि ते तीन वर्षांपूर्वी गेलं होतं.

शेवटी ती थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. तिला काहीतरी त्याच वेळी उमगलं असावं.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "ती तुमच्याजवळपण नव्हती."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.